चौपन्न किलो

पहिल्या दिवशी त्यांनी मला नाव विचारलंच नाही. मी कारखान्याच्या फाटकातून आत आले, लॅब कुठे आहे हे विचारायला वजनकाट्याच्या खिडकीशी थांबले, तर आतल्या माणसानं मला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं आणि म्हणाला, "चौपन्न. पर्स धरून."

मी सांगलीची, नुकती बी.एस्सी. झालेली, पहिलीच नोकरी आणि नाकाच्या शेंड्यावर राग. म्हटलं, "काय?"

"वजन वो. माजं बी चौपन्नच हाय. लॅब तिकडं, चिमणीच्या मागं."

लॅबमध्ये पोचेपर्यंत मी मनातल्या मनात त्या माणसाची तक्रार लिहून पूर्ण केली होती. ती कधी दिली नाही. महिन्याभरात मीही इतरांसारखी त्यांना काटेमामा म्हणायला लागले, आणि पुढे नुसतंच मामा.

मामा उंब्रजच्या पलीकडच्या एका खेड्यातले. पंधरा वर्षं सैन्यात, गाड्या दुरुस्त करायच्या वर्कशॉपमध्ये. तिथून सुटल्यावर साखर कारखान्याच्या काट्यावर. हंगामात उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या रांगेनं त्यांच्या खिडकीसमोरून जायच्या. ऊस तोलताना लोक एक लबाडी करतात. ट्रॉली काट्यावर उभी राहिली की कुणीतरी गप्पा मारत मारत हळूच काट्याच्या पत्र्यावर येऊन उभं राहतं. मामा खिडकीतून मान बाहेर काढायचे आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडायचे, "एकोणऐंशी किलो ऊस चपला घालून हुबा हाय. त्येनं खाली उतरावं!" एकदा असा ऊस निघाला तो कारखान्याच्या बड्या मंडळींपैकी एकाचा मेहुणा. त्यानं डोळे वटारले. मामा म्हणाले, "आवं, तुमी मान्सात हाय का उसात, तेवढं सांगा. उसात आसला तर मोळी बांदू." मेहुणा उतरला. मामांना कुणीतरी नंतर समज दिली म्हणे. त्यांनी ती उभ्याउभ्याच ऐकली, कारण बसून राहणं हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

खरोखर नव्हतं. चहा उभ्यानं, जेवण फेऱ्या मारत. उभे असले तरी एका पायावरून दुसऱ्या पायावर चाललेलं असायचं. आणि ऐन डिसेंबरात, आम्ही शेकोटीला बसलेलो असताना, हे नळाखाली पाय धरून उभे. मी चिडवायची, "मामा, पायाला मुळं फुटतील आता." लॅबमधले सगळे म्हणायचे, मामांना देवानं चावी जरा जास्तच दिलीय. मला तर त्यांच्याशी बोलून आलं की दमल्यासारखं व्हायचं.

त्यांच्या या चावीचा सगळा जोर लागायचा तो गाडीवर. गाडी म्हणजे जुनी फियाट, फुगीर गालांची, जिला आमच्याकडे सगळे डुक्कर फियाट म्हणतात ती. फलटणकडच्या एका बागायतदाराच्या गोठ्यात ती पडून होती आणि तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. मामांनी ती ट्रॉलीत घालून कारखान्याच्या वसाहतीत आणली आणि चार वर्षं तिच्यामागे लागले. इंजिन उतरवलं, गंजका पत्रा कापून नवा जोडला, ब्रेक नव्यानं बसवले. इथवर कुणीही बरा मेकॅनिक करेल. पण मग त्यांच्यातला काटेवाला जागा झाला. मागची सीट काढली. बंपर काढले. दारांच्या काचा काढल्या. आतल्या पट्ट्यांना भोकं पाडली. रंगसुद्धा दिला नाही, तांबडा प्रायमर फासून थांबले.

"रंगाला वजन आसतंय ताई," म्हणाले. "साडेतीन किलो. कशापायी वागवायचं?"

मामी, म्हणजे त्यांची बायको, दारात तांदूळ निवडत बसलेली असायची. ती म्हणाली, "आता माजं काय काय सोलून काडत्यात त्येवडंच बगायचं ऱ्हायलंय."

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर वर्षातल्या एका दिवसासाठी. कराडच्या बाजूला एक धावपट्टी होती, जिच्यावर विमान क्वचितच उतरायचं. मे महिन्यातल्या एका रविवारी गाड्यांची हौस असलेली मंडळी ती मागून घ्यायची. जुने टायर आणि पिंपं मांडून वळणं तयार करायची. शर्यत अशी नाही. ज्यानं त्यानं आपली गाडी आणायची आणि पाळीपाळीनं फेऱ्या मारायच्या, कडेला एक जण घड्याळ घेऊन उभा. कोल्हापूरची, पुण्याची पोरं नव्या गाड्या घेऊन यायची. मी नोकरीला लागायच्या आधीच्या मेमध्ये मामाही गेले होते. ती हकीकत मला मामीनं सांगितली. लांब सरळ पट्टी संपली की तिसरं वळण यायचं. तिथं मामांनी ब्रेक मारला आणि गाडीचं शेपूट पुढे आलं. गाडी पाठमोरी होऊन गवतात गेली. पोरं हसली. कुणीतरी ओरडलं, "मामा, बैल सोडा आता!"

हसण्याचं मामांना काही वाटलं नाही. त्यांना एकच गोष्ट टोचत राहिली.

"ब्रेकला नुस्ता पाय लावला हुता ताई. नुस्ता. आन् मागलं डावं चाक आडकलं. का आडकावं?" हे त्यांनी मला निदान पन्नास वेळा विचारलं असेल. उत्तरही तेच द्यायचे. "चाक हलकं आसणार. ज्या चाकावर वजन न्हाई, त्ये आदी आडकतंय."

आता घाई होती. हा त्यांचा शेवटचा हंगाम. जूनमध्ये निवृत्ती, मग वसाहतीतली खोली सोडून गावी जायचं. गावाकडे काटा कुठला? म्हणजे गाडीचा तोल लावायचा तर याच उन्हाळ्यात, आणि ते वळण नीट घ्यायचं तर याच मेमध्ये. ते एक वळण नीट घेतल्याशिवाय मामांना मरणसुद्धा नीट आलं नसतं असं मला तेव्हा वाटायचं, आणि त्याचं हसूही यायचं.

गळीत हंगाम एप्रिलच्या सुरुवातीलाच संपला आणि काटा रिकामा झाला. तेव्हा मामा लॅबच्या दारात आले. "ताई, याक काम हुतं. तुमी नुस्तं बसायचं."

काम असं होतं. गाडीचं एकेक चाक काट्यावर घ्यायचं, बाकीची तीन बाहेर सपाट जमिनीवर, आणि चारही चाकांवर किती भार येतो ते पाहायचं. पण गाडी रिकामी तोलून उपयोग नाही. चालवणारा जागेवर बसलेला हवा. मामा गाडीत बसले तर काटा कोण वाचणार? तेव्हा त्यांच्याच वजनाचं दुसरं कुणीतरी हवं. अख्ख्या कारखान्यात चौपन्न किलोची दोनच माणसं होती, ते आणि मी.

मी आईला पत्रात लिहिलं की हल्ली दुपारी मी वजन म्हणून बसते. आईचं उलट टपाली पत्र आलं, "वजन म्हणून बसतेस म्हणजे नक्की काय करतेस? वडिलांना दाखवू का नको ते कळव."

त्या मोठ्या काट्याला पाच किलोच्या आतलं कळत नसे. मामांनी त्यावर तोड काढली होती. चाकाशेजारी एकेक किलोची वजनं ठेवत जायचं, काट्याचा दांडा ज्या क्षणी वर जाईल त्या क्षणी थांबायचं आणि ठेवलेली वजा करायची. एकेका चाकाला अर्धा तास. मी उन्हानं तापलेल्या त्या तांबड्या डब्यात श्वास रोखून बसलेली. हलले की ओरडा, "ताई, खांदा सरळ!" पहिल्या दिवशीच सापडलं. मागचं उजवं चाक दोनशे सात आणि मागचं डावं एकशे ऐंशी. सत्तावीस किलोंचा फरक. मामांनी काट्याभोवती अक्षरशः दोन उड्या मारल्या.

चार पायांच्या खाटेच्या एका पायाखाली चिपाड सरकवलं की त्या पायावर भार येतो आणि तिरक्या रेषेत समोर असलेल्या पायावरही येतो. गाडीचंही तेच. मामा मागच्या डाव्या पाट्याखाली, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगखाली, पातळ पत्र्याचं पॅकिंग घालायचे आणि आम्ही पुन्हा चारही चाकं तोलायचो. गाडी मीच पुढेमागे घ्यायची, कारण उतरले की सगळं चुकायचं. मग तोल लागला का ते धावताना पाहायला हवं, म्हणून उसाच्या गाड्या उभ्या राहायच्या त्या मोकळ्या मैदानात मलाच चालवायला लावायचे, आणि स्वतः कडेला पळत चाकांकडे बघायचे. आठाचा आकडा काढायचा, जोरात येऊन ब्रेक मारायचा, पुन्हा आठाचा आकडा. माझं शिकाऊ लायसन्स याच उद्योगापायी निघालं. महिन्याभरात मी डुक्कर फियाट बऱ्यापैकी हाकायला लागले होते आणि मला ते भयंकर आवडायला लागलं होतं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यातली दुपार. मी गाडीत, मामा वजनांची पिशवी घेऊन ये-जा करताहेत. आरशात मला मागच्या रस्त्यावर एक चप्पल दिसली. एकटीच, वीसेक पावलांवर. मी मामांकडे पाहिलं. डाव्या पायात चप्पल होती आणि उजवा पाय अनवाणी काट्याच्या लोखंडी पत्र्यावर टेकलेला होता. त्याच पत्र्यावर पडलेली पेन्सिल उचलताना थोड्या वेळापूर्वी माझी बोटं पोळली होती.

"मामा, चप्पल."

"कुटली?"

त्यांनी खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं, पाय दुसऱ्या कुणाचा असावा तसं. मग जाऊन चप्पल घालून आले. म्हणाले, "सैल झालीया."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या तळव्याला लिंबाएवढा फोड होता आणि ते त्यावर खुशाल चालत होते.

माझ्या थोरल्या काकांना मधुमेह होता, त्यांचं असंच झालं होतं. आधी पायांची आग, रात्रंदिवस. मग आग थांबते आणि माणसाला बरं वाटतं, कारण पाय बधिर होत आलेला असतो. मामांचं ते एका जागी न ठरणं, नळाखाली पाय धरणं, आम्ही ज्याला चावी म्हणून हसत होतो ते सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. इतकी शरम मला आयुष्यात क्वचित वाटली असेल. सहा महिने मी त्या माणसाच्या दुखण्यावर विनोद करत होते.

मी सरळ एक बाटली त्यांच्या हातात दिली आणि तीत लघवी आणायला सांगितली. आमच्या लॅबमध्ये रस तपासायचं एक निळं द्रावण असतं. ठरावीक प्रकारची साखर असली तर ते उकळल्यावर विटेसारखं लाल होतं. मामांच्या समोर ते लालभडक झालं.

"म्हंजी किती?" त्यांनी विचारलं.

"पुष्कळ."

"पुष्कळ ह्ये काय माप झालं व्हय?"

"मामा, मिरजेला दवाखान्यात जायचं. उद्या. आणि गाडी चालवायची नाही. गेल्या वर्षी तुम्ही ब्रेकला नुसता पाय लावला नव्हता. दणकून दाबला होता. तुम्हाला कळलंच नाही."

ते पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "गाडीत चूक हुती! सत्तावीस किलो! तुमी सोता बसला हुता की आत!" आणि दाराकडे जाता जाता नळीकडे बोट करून म्हणाले, "ह्यो रसाचा काटा हाय ताई. मान्साचा न्हवं."

पंचाईत अशी की सत्तावीस किलोही खरेच होते. मी मामीला सांगायला गेले आणि दारातून परत आले. सांगितलं असतं तर मामीनं त्यांना कोंडून ठेवलं असतं, आणि मामा खिडकीतून निघून गेले असते. त्यांना अडवू शकेल अशी एकच गोष्ट जगात होती, आणि ती काही माणूस नव्हती.

पुढचे चार-पाच दिवस त्यांनी मला बोलावलं नाही. लॅबच्या खिडकीतून मला दिसत होतं. माझ्या जागी त्यांनी वाळूचं पोतं बसवलं होतं, चौपन्न किलोचं, पट्ट्यानं बांधून. मला त्या पोत्याचा जो राग आला तो मी अजून विसरलेले नाही.

शनिवारी, म्हणजे धावपट्टीच्या आदल्या दिवशी, दुपारी मी गेले आणि म्हटलं, "मामा, गोदामात चला. तुमच्या काट्यावर."

गोदामाच्या दारात पोती तोलायचा छोटा काटा होता, गोल तबकडीवर सुई फिरणारा. त्याची सुई दर सोमवारी मामा स्वतः शून्यावर लावत. मी काट्यापुढे खुर्ची ठेवली. "बसा. उजवा पाय काट्यावर. सुईकडे बघून दहा किलो दाबा."

त्यांनी दाबले. सुई बरोब्बर दहावर.

"आता डोळे मिटून दहा."

त्यांनी डोळे मिटले, दाबलं आणि म्हणाले, "झालं. धा."

"उघडा."

सुई अडतीसवर होती.

त्यांनी पुन्हा डोळे मिटले. या वेळी चार. पुन्हा. सव्वीस. मी म्हटलं, डावा लावा. डाव्यानं बारा, मग नऊ. पुन्हा उजवा. एकतीस. मग मामा उठले. कोपऱ्यातलं वीस किलोचं वजन आणून काट्यावर ठेवलं. सुई वीसवर गेली. उचललं, पुन्हा ठेवलं. वीस. ते तिथंच वाकून सुईकडे बघत राहिले, मग खुर्चीत बसले आणि बसून राहिले.

"काटा बरुबर हाय," म्हणाले.

बाहेर ट्रॅक्टरवाला ट्रॉली घेऊन विचारत होता, गाडी आत्ता चढवायची का सकाळी.

"आत्ताच चढवा," मी म्हटलं. "मामा, सोमवारी तुम्ही, मी आणि मामी मिरजेला जायचं. उद्या गाडी मी चालवते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं नाही म्हणतील. ते म्हणाले, "आज जेवान कमी करू नगा. हाय त्येवडंच वजन ऱ्हाऊ द्या."

धावपट्टीवर सकाळपासून ऊन होतं आणि वारा नुसता सुटला होता. आमची तांबडी गाडी ट्रॉलीतून उतरली तेव्हाच हशा पिकला, आणि चालवायला मी बसले तेव्हा दुसऱ्यांदा. मामा मध्ये थांबले नाहीत, तरातरा तिसऱ्या वळणाकडे निघून गेले. पहिली फेरी मी दुसऱ्या गिअरमध्येच पुरी केली. तिसरं वळण आलं आणि गेलं, गाडी शहाण्यासारखी वळली. घड्याळवाल्यानं विचारलं, "ताई, वेळ लिवून घेऊ का राहू दे?"

मामा धापा टाकत आले. मी हसून म्हटलं, "घेतलं की नाही वळण?"

"ह्यात काय कळतंय?" ते म्हणाले. "तीसच्या येगानं बैलगाडी बी वळंल. परत जावा."

"मामा, मला भीती वाटतेय."

"वाटू द्या. भीतीला वजन नसतंय."

मी परत गेले. सरळ पट्टीवर तिसरा गिअर, चौथा गिअर, काचा नसल्यामुळे वारा कानात असा शिरला की दुसरं काही ऐकूच येईना. टायरांची ओळ अंगावर आली. सहा आठवडे मैदानात जे केलं होतं ते पायानं आपणहून केलं. ब्रेक. गाडीचं नाक खाली बसलं. मी शेपटाची वाट पाहत होते, आत्ता सुटेल, आत्ता सुटेल म्हणून. नाही सुटलं. चारही चाकं रस्त्याला धरून राहिली आणि आम्ही वळलो. मी मोठ्यानं ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही.

गाडी थांबवली तेव्हा कुणी हसत नव्हतं. घड्याळवाला काहीतरी सांगत होता, मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मामा दाराशी आले आणि वाकले.

"मागलं डावं?"

"नाही हललं."

"येका अंगाला वडली का?"

"नाही. सरळ थांबली. मामा, तोल लागला. खरंच लागला."

त्यांनी मान हलवली. ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंच होतं. त्यांना दुसरंच काही विचारायचं होतं.

"ब्रेक दाबला तवा," ते म्हणाले, "पायाला काय लागलं?"

"म्हणजे?"

"तळव्याला वो. कसं लागलं, त्ये सांगा."

मला रडू आलं. ते आवरून मी सांगायला लागले. आधी थोडं मोकळं लागलं, मग पायाखाली घट्ट झालं. मग बारीक थरथर सुरू झाली, चालू गिरणीच्या ओट्यावर उभं राहिल्यावर लागते तशी. ती टाचेपर्यंत आली. मग थरथर वाढली, तेव्हा मी पाय जरासा सैल केला, अगदी नखभर, आणि ती थांबली, आणि गाडी वळली.

मामा डोळे मिटून ऐकत होते.

"परत सांगा," म्हणाले.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.